दात उंदराला देण्याआधी: हाडांचा आनुवंशिक आजार असलेल्या मुलांच्या दातांची काळजी

“दुधाचेच दात, पडणारच आहेत की.” सोसायटीतल्या आजींपासून दवाखान्यातल्या कंपाउंडरपर्यंत कुणीही हे म्हणतं. मुलाला हाडांचा आनुवंशिक आजार असेल तर हे वाक्य कानाआड करा. इनॅमलच्या, म्हणजे दाताच्या वरच्या कडक कवचाच्या, आतलं डेंटिन हा दाताचा मोठा भाग. तो हाडासारख्याच मालमसाल्यातून घडतो: कोलॅजनची जाळी आणि तिच्यात भरलेलं कॅल्शियम-फॉस्फेट. दाताचं मूळ हाडात रोवून धरणारा सिमेंटमचा थरही त्याच जातीचा. म्हणून हाडांत जे बिघडतं ते पुष्कळदा दातांतही दिसतं, कधीकधी तर आधी दातांतच दिसतं.

मात्र प्रत्येक आजारात बिघाड वेगळा. एकात दात झिजून हिरडीला टेकतात, दुसऱ्यात न किडताच पू होतो, तिसऱ्यात अख्ख्या मुळासकट अकाली पडतात, चौथ्यात पडायचं नाव घेत नाहीत, आणि काही आजारांत दात काढणं हेच संकट होऊन बसतं. त्यामुळे ब्रश आणि पेस्टच्या आधी करायचं काम दुसरंच आहे.

पायरी १: आजाराचं नेमकं नाव मिळवा

“हाडं ठिसूळ आहेत”, “कॅल्शियम कमी आहे”, “मुडदूस आहे” एवढ्यावर दातांचे डॉक्टर काही ठरवू शकत नाहीत. फाईलमध्ये आजाराचं पूर्ण नाव हवं आणि जनुक तपासणी झाली असेल तर तिचा रिपोर्ट हवा. नाव अजून मिळालं नसेल तर मुलांच्या हाडांच्या डॉक्टरांकडून जेनेटिक्स विभागासाठी चिठ्ठी घ्या. परळचं केईएम रुग्णालय केंद्राच्या २०२१च्या दुर्मिळ आजार धोरणातलं उत्कृष्टता केंद्र आहे. ठाण्याहून स्लो लोकलने थेट परळला उतरता येतं.

या आजारांत नेहमी भेटणारं नाव ऑस्टिओजेनेसिस इम्परफेक्टा, बोलण्यात ‘ओआय’, म्हणजे हाडं ठिसूळ होऊन सहज मोडणारा आजार. ओआयच्या प्रत्येक मुलाचे दात बिघडतात असं नाही. तिसऱ्या आणि चौथ्या प्रकारात ते जास्त दिसतं, पहिल्यात कमी. बिघडलेला दात उगवतानाच ओळखू येतो: राखाडी-निळसर किंवा मधासारखा तपकिरी, जरा आरपार दिसणारा. हे डाग नव्हेत, कितीही घासले तरी जाणार नाहीत, आणि घासूही नयेत. इनॅमल चांगलंच असतं, पण खालचं डेंटिन मऊ. पाया भुसभुशीत असला की वरची फरशी उखडते, तसे इनॅमलचे टवके उडतात आणि उघडं पडलेलं डेंटिन भराभर झिजतं. दुधाच्या दातांना याचा फटका कायमच्या दातांपेक्षा जास्त बसतो. शिवाय दाताच्या आतली नसेची पोकळी हळूहळू भरून जाते, म्हणून पुढे रूट कॅनॉल करायचं म्हटलं तर वाटच सापडत नाही. काही मुलांचे दात दिसायला पांढरेशुभ्र असतात आणि बिघाड एक्स-रेतच कळतो. खालचा जबडा पुढे येऊन चावा उलटा बसणं, दाढ हाडातच अडकून राहणं, हेही ओआयमध्ये नेहमीचं आहे.

व्हिटॅमिन डीचे डोस देऊनही न हटणारा मुडदूस असेल तर तो बऱ्याचदा एक्स-लिंक्ड हायपोफॉस्फेटेमिया, म्हणजे ‘एक्सएलएच’ निघतो. मूत्रपिंडातून फॉस्फेट वाहून जातं, पाय वाकतात, उंची खुंटते. दात मात्र बाहेरून ठणठणीत. आत डेंटिन नीट भरलेलं नसतं आणि नसेची टोकं इनॅमलच्या अगदी खाली पोचलेली असतात. चावताना पडणाऱ्या बारीक चिरांमधून जंतू थेट नसेपर्यंत जातात. परिणाम असा की कीड नाही, मार लागलेला नाही, तरी एके दिवशी पुढच्या दाताच्या वर हिरडीवर पुवाची फोडी दिसते. आजाराची माहिती नसलेले डॉक्टर कीड शोधत बसतात, ती सापडत नाही, आणि अँटिबायोटिक देऊन मुलाला घरी पाठवलं जातं. फोडी बसते आणि महिन्याभराने परत येते.

तिसरं नाव हायपोफॉस्फटेशिया. यात सिमेंटम नीट तयार होत नाही, त्यामुळे दाताला हाडात पकड नसते. एरवी दुधाचा पहिला दात सहाव्या वर्षाच्या आसपास पडतो आणि तेव्हा त्याचं मूळ विरघळून गेलेलं असतं; हातात येते ती नुसती टोपी. वयाची पाच वर्षं पूर्ण व्हायच्या आत, मार न लागता, लांब अखंड मुळासकट दात पडला (बहुधा खालचे पटाशीचे दात आधी पडतात) तर तो दात उंदराला देऊ नका. ठाण्यातल्या वसंत विहारच्या पंधराव्या मजल्यावर दात फेकायला कौलं कुठली, हा भाग वेगळा, पण आजीच्या आग्रहाने तो कुंडीत पुरला जातो आणि निदानाचा पुरावा मातीत जातो. दात पाण्याखाली धुवा, उकळू नका, खरवडू नका. छोट्या डबीत ठेवून वर तारीख आणि कोणता दात ते लिहा, आणि नाण्याशेजारी ठेवून मुळाचा फोटो काढा. सोबत रक्तातल्या अल्कलाइन फॉस्फटेजचा रिपोर्ट पाहा. मुलांमध्ये हा आकडा मोठ्यांपेक्षा बराच जास्त असायला हवा. लॅबने मोठ्यांची मर्यादा छापली असेल तर तीन वर्षांच्या मुलाचा ६० हा आकडाही ‘नॉर्मल’ म्हणून सुटतो. वयानुसार मर्यादा कोणती, हे लॅबला विचाराच. आकडा जास्त असला की सगळे घाबरतात, कमी असला की कुणी बघत नाही. या आजारात नेमका कमी आकडाच बोलतो.

क्लायडोक्रॅनियल डिस्प्लेशियात गळ्याखालची हाडं अपुरी असतात. मूल दोन्ही खांदे पुढे आणून जवळजवळ एकमेकांना भिडवू शकतं. यात दुधाचे दात पडत नाहीत, कायमचे वर येत नाहीत, आणि जबड्यात जादा दातांची गर्दी असते. “दुधाचे काढून टाकले की खालचे येतील” हा हिशेब इथे चुकतो: दुधाचे गेले तरी कायमचे आपणहून येतीलच असं नाही, आणि मूल बोळकं होऊन बसतं. सहाव्या वर्षाच्या सुमारास ओपीजी, म्हणजे दोन्ही जबड्यांचा एकत्र एक्स-रे, काढून मुलांचे डेंटिस्ट, दात सरळ करणारे ऑर्थोडोंटिस्ट आणि जबड्याचे सर्जन यांनी मिळून आखणी करायची असते.

ऑस्टिओपेट्रोसिस आणि पिक्नोडायसोस्टोसिस यांत हाड घट्ट पण कमी रक्तपुरवठ्याचं असतं. दात काढल्यावरची जखम भरत नाही आणि जबड्याच्या हाडात जंतुसंसर्ग मुरतो. या मुलांना दर तीन महिन्यांनी दाखवा आणि कीड टाचणीच्या टोकाएवढी असतानाच भरून घ्या. दात काढण्याची वेळच आली तर ते हॉस्पिटलमध्ये, हाडांच्या आणि रक्ताच्या डॉक्टरांना कळवून. कोपऱ्यावरच्या क्लिनिकमध्ये “पाच मिनिटांचं काम” म्हणून तर मुळीच नाही.

पायरी २: एका पानाची चिठ्ठी

जाड फाईल कुणी वाचत नाही. एक पान टाइप करून तिच्या पहिल्याच खिशात ठेवा. त्यावर आजाराचं नाव आणि प्रकार, आतापर्यंतची फ्रॅक्चर आणि ऑपरेशनं (हाडात रॉड असेल तर तोही), चालू औषधं डोससह, हाडं बळकट करणाऱ्या औषधाचं शेवटचं सलाईन कधी लागलं ती तारीख, ॲलर्जी, मानेचा किंवा श्वासाचा त्रास आणि मूळ डॉक्टरांचा फोन नंबर एवढं असलं की पुरे.

ॲलर्जीच्या रकान्यात लॅटेक्सचा वेगळा उल्लेख करा. वारंवार ऑपरेशन झालेल्या मुलांत रबरी हातमोज्यांची ॲलर्जी होण्याची शक्यता जास्त असते, आणि डेंटिस्टच्या खोलीत मोजे, रबर डॅम (दाताभोवती ताणून लावायचा रबरी पडदा) असा रबराचा वावर खूप. नायट्राइलचे मोजे वापरायला आधीच सांगून ठेवा.

ओआयच्या मुलांना हाडं बळकट करण्यासाठी पामिड्रोनेट किंवा झोलेड्रोनिक ॲसिडची सलाईन देतात. मोठ्या माणसांत, मुख्यतः कॅन्सरच्या उपचारात, याच गटातल्या औषधांनी दात काढल्यावर जबड्याचं हाड मृत होण्याचा धोका असतो. नेटवर ते वाचून पालक हादरतात, काही डेंटिस्टही हात लावायला तयार होत नाहीत. ओआयच्या मुलांत हा त्रास आढळलेला नाही. तरीही शहाणपण यात की सलाईन सुरू होण्याआधी दात तपासून किडलेले भरून घ्यावेत, आणि पुढे दात काढायचा झालाच तर सलाईनच्या तारखा सांगून दिवस ठरवावा. पहिल्या सलाईननंतर दोन-तीन दिवस ताप आणि अंगदुखी असते, त्या आठवड्यात दातांची अपॉइंटमेंट नको. या औषधाने दात उशिरा येऊ शकतात आणि तारा लावल्यावर हळू सरकतात, हेही मनात असू द्या.

हायपोफॉस्फटेशियाच्या मुलाला मात्र ही औषधं देत नाहीत. “हाडं ठिसूळ, मग हेच द्या” असं ठोकताळ्याने चालत नाही, ते यासाठीच.

पायरी ३: कुठे जायचं

पाटीवर ‘पेडोडोंटिस्ट’ किंवा ‘लहान मुलांचे दंततज्ज्ञ’ असेल तिथे जा. नवी मुंबईत डेंटल कॉलेजं भरपूर आहेत: नेरुळला डी. वाय. पाटील आणि तेरणा, बेलापूरला भारती विद्यापीठ, खारघरला येरळा, कामोठ्याला एमजीएम. कॉलेजात केसपेपर काढून पेडोडोंटिक्स विभाग विचारायचा. विद्यार्थी आधी लांबलचक माहिती लिहून घेतात, मग वरिष्ठ डॉक्टर येतात. अर्धा दिवस हातात ठेवून जा. एकच माहिती तीनदा विचारली जाते, तेव्हा चिठ्ठीची फोटोकॉपी पुढे करा.

निवडताना कॉलेजला जोडून हॉस्पिटल आहे का, हे बघा. डी. वाय. पाटील, तेरणा आणि एमजीएमला ते आहे. पूर्ण भूल द्यायची वेळ आली तर दात आणि भूल एका आवारात होणं फार सोयीचं. मुंबईत मुंबई सेंट्रलला नायर रुग्णालयाचं डेंटल कॉलेज आणि सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारातलं शासकीय डेंटल कॉलेज आहे.

पहिली भेट कधी? पहिला दात दिसला की, आणि काहीही झालं तरी पहिल्या वाढदिवसाच्या आत. त्या भेटीत बहुधा काहीच करत नाहीत, नुसतं बघतात. तेच हवं असतं.

पायरी ४: रस्ता आणि खुर्ची

ओआयच्या मुलासाठी घोडबंदर रोडवरची रिक्षा ही उपचाराइतकीच विचार करण्याची गोष्ट आहे. खड्ड्यात मागच्या सीटवरून मूल उडतं आणि लोखंडी दांड्यावर आदळतं. शक्य असेल तर गाडीत, वयाप्रमाणे योग्य सीटमध्ये. नाहीतर ठाणे-पनवेल किंवा ठाणे-नेरुळ लोकलचा दिव्यांगांचा डबा, अकरा ते चारच्या मधल्या वेळेत. दुपारची अपॉइंटमेंट मागून घ्या. मूल दमलेलं नको म्हणून बाकी सगळे सकाळची सुचवतात, पण सकाळी साडेआठच्या गर्दीत त्याला घेऊन ठाणे स्टेशनचा जिना चढणं बरोबर नाही.

खुर्चीत मुलाला तुम्हीच बसवा. काखेत हात घालून उचलू नका. एक हात नितंबाखाली, दुसरा पाठ आणि मानेखाली पसरून, सपाट उचला. मूल स्वतः सरकू शकत असेल तर त्याला सरकू द्या. कुठे दुखतं ते त्यालाच कळतं. मान, गुडघे आणि कंबरेखाली घरची मऊ उशी किंवा घडी केलेली गोधडी ठेवा.

डॉक्टरांना तीन गोष्टी आधीच सांगा. हातपाय दाबून धरायचे नाहीत, चादरीत गुंडाळून बांधायचं नाही. तीव्र ओआय असेल तर ब्लड प्रेशरचा आपोआप फुगणारा पट्टा दंडाला लावायचा नाही. तेवढ्या दाबानेही हाड मोडू शकतं. दात काढताना खालच्या जबड्याला दुसऱ्या हाताचा आधार हवा आणि जोर हळूहळू वाढवायचा.

पायरी ५: घरचं घासणं

दिवसातून दोनदा, आणि रात्रीचं चुकवायचं नाही. सात-आठ वर्षांपर्यंत मोठ्यांनीच घासून द्यायचं. मनगट किंवा बोटं कमजोर असतील तर त्यानंतरही. मूल मांडीवर डोकं ठेवून आडवं असलं की वरच्या दाढा नीट दिसतात. हनुवटी घट्ट पकडू नका, बोटाने ओठ बाजूला करा. ब्रश लहान डोक्याचा, ‘एक्स्ट्रा सॉफ्ट’. मुलाला स्वतः धरायचा असेल तर दांड्यावर सायकलच्या हँडलची रबरी मूठ चढवा.

पेस्ट घेताना कार्टून बघू नका, मागे फ्लोराइडचा आकडा वाचा. लहान मुलांच्या काही पेस्टमध्ये ते शून्य असतं, काहींत ५०० पीपीएमच्या आसपास, मोठ्यांच्या नेहमीच्या पेस्टमध्ये साधारण १०००. या मुलांना १०००ची चालते, प्रमाण सांभाळलं की झालं: तीन वर्षांपर्यंत तांदळाच्या दाण्याएवढी, तीन ते सहा वर्षांत वाटाण्याएवढी. घासून थुंकायचं, वर खळखळून चूळ भरायची नाही. दंतमंजन, मीठ, कोळसा आणि मशेरी यांना पूर्ण रजा. खरखरीत पूड मऊ डेंटिनवर सँडपेपरसारखी चालते.

एक्सएलएचच्या मुलांना फॉस्फेट दिवसातून चार-पाच वेळा घ्यावं लागतं. आपल्याकडे ते बऱ्याचदा जुली सोल्यूशन म्हणून मिळतं, आणि ते आंबट असतं. पालक ते सरबतात कालवून देतात, म्हणजे आंबटाच्या जोडीला साखर. पाण्यात पातळ करून द्या, लगेच साध्या पाण्याने चूळ भरायला लावा, आणि ब्रश अर्ध्या तासानंतर. रात्रीचा डोस आधी, ब्रश नंतर. डोसाची वेळ किंवा प्रमाण मात्र मनाने बदलू नका.

खाण्यात बंदीची लांबलचक यादी नको. झिजणारे किंवा टवके उडणारे दात असतील तर ऊस दाताने सोलणं, चिक्की, फुटाणे, कडक बुंदीचा लाडू आणि बर्फाचा गोळा कडकडा चावणं टाळा. तिळगूळ कुटून द्या. चकली वरणात बुडवून खाल्ली तर बिघडलं काय? गोड खायचं ते जेवणासोबत एकदाच. बिस्किटाचा पुडा दिवसभर हातात असणं हे एका गुलाबजामपेक्षा वाईट.

पायरी ६: डॉक्टर काय करतील

फ्लोराइड वार्निश सगळ्यांना: ५ टक्के सोडियम फ्लोराइडचा चिकट लेप, दर तीन ते सहा महिन्यांनी. दोन मिनिटांचं काम. त्या दिवशी कडक आणि गरम खाणं टाळायचं, ब्रश दुसऱ्या दिवशी सकाळी.

ओआयचे तपकिरी दात असतील तर दाढांवर स्टीलच्या कॅप, आणि त्या झिजायच्या आत. दुधाची शेवटची दाढ साधारण अडीच वर्षांपर्यंत येते. ती पूर्ण वर आली की विषय काढा. झिजून हिरडीला आली की कॅप धरायला दातच उरत नाही आणि चाव्याची उंची कायमची हरवते. चंदेरी कॅप दिसते म्हणून नातेवाईक नाकं मुरडतील. मुरडू देत. पुढच्या दातांसाठी दाताच्या रंगाच्या कॅप मिळतात. दाढेला न कोरता कॅप बसवण्याची पद्धतही आहे: आधी काही दिवस दातांच्या फटीत रबराची छोटी कडी ठेवून जागा करतात, मग सिमेंट भरून कॅप दाबतात. सुरुवातीला चावा उंच वाटतो, काही आठवड्यांत बसतो. सहाव्या वर्षी कायमची दाढ आली की पुन्हा दाखवा. असे दात केमिकलने पांढरे करायला जाऊ नका. रंग आतल्या डेंटिनचा आहे. पुढे तारा लावायच्या झाल्या तर चिकटवलेलं ब्रॅकेट काढताना इनॅमल सोबत निघू शकतं, याची ऑर्थोडोंटिस्टला आठवण द्या.

एक्सएलएचमध्ये उलट विचार. इथे कॅपसाठी दात कोरला तर नसेचं टोक उघडं पडू शकतं. म्हणून प्रत्येक दात उगवल्याबरोबर त्याचा पृष्ठभाग पातळ रेझिनने सील करतात, दाढांच्या खाचाच नव्हे तर पुढचे दातसुद्धा. सील झिजतं, म्हणून दर सहा महिन्यांनी तपासून पुन्हा लावायचं. फोडी आलीच तर एक्स-रे काढून रूट कॅनॉल करायचं की दात काढायचा ते ठरतं. नुसत्या अँटिबायोटिकवर थांबू नका.

हायपोफॉस्फटेशियात पुढचे दात गेले असतील तर साधारण तीन वर्षांनंतर, मूल सहकार्य करू लागलं की, काढता-घालता येणारी छोटी कवळी करून घेता येते. खाणं आणि उच्चार दोन्ही सुधारतात. जबडा वाढतो तशी ती बदलावी लागते.

पूर्ण भूल द्यायची झाली तर सगळी कामं एकाच वेळी उरकून घ्या. भूलतज्ज्ञांची भेट काही दिवस आधी हवी, आणि ओआयच्या मुलाच्या मानेच्या वरच्या हाडांबद्दल तिथे स्वतःहून बोला, कारण नळी घालताना मान मागे वाकवतात. उपाशी ठेवण्याचा नेहमीचा नियम: तळकट, जड खाणं आठ तास आधी बंद, हलकं खाणं आणि गाईचं दूध सहा तास, आईचं दूध चार तास, साधं पाणी दोन तास. “रात्रीपासून पाणीही नको” असं कुणी सांगितलं तर भूलतज्ज्ञांना पुन्हा विचारा.

थांबायचं नाही असं कधी

हिरडीवरची फोडी दुखत नसली तरी त्याच आठवड्यात दाखवा. गाल सुजला, ताप आला, तोंड उघडेना, तर त्याच दिवशी. सूज डोळ्यापर्यंत चढली, हनुवटीखाली उतरली, किंवा मुलाला गिळायला वा श्वास घ्यायला त्रास होऊ लागला तर डेंटिस्टच्या अपॉइंटमेंटची वाट न बघता थेट हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत. ठाण्याच्या बाजूला कळव्याचं महापालिकेचं छत्रपती शिवाजी महाराज रुग्णालय आहे. सोबत ती एका पानाची चिठ्ठी न्या, आणि ऑस्टिओपेट्रोसिस किंवा पिक्नोडायसोस्टोसिस असेल तर दात काढण्याचा निर्णय होण्याआधी ती ड्यूटीवरच्या डॉक्टरांच्या हातात द्या.